स्टडचे पैसे स्वतः जमवायचेत? मग पणत्या आणायच्या आधी हे कर

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दारात एक पोरगं उभं राहतं. हातात खोकं, खोक्यात रंगवलेल्या पणत्या, निम्म्यांचा रंग अजून बोटाला लागतोय. आमच्या घरात पणत्या येऊन तोवर आठवडा झालेला असतो. दारात आलंय म्हणून आम्ही सहा घेतो, शेजारचे सहा घेतात, आणि उरलेलं खोकं त्याच्या घरच्या माळ्यावर जातं. कशासाठी रे, असं विचारलं की आमच्या कोल्हापूरच्या पेठेतलं उत्तर बहुतेक ठरलेलं: "काका, स्टड घ्यायचे होते." स्टड म्हणजे फुटबॉलचे खिळ्यांचे बूट.

पोरगं आळशी नसतं. त्यानं आधी माल आणलेला असतो, मग रंगवलेला असतो, मग गिऱ्हाईक शोधलेलं असतं आणि फायदा किती हे सगळ्यात शेवटी मोजलेलं असतं. हा क्रम नेमका उलटा करायचा. खालचं सगळं तेरा ते पंधरा वयाच्या पोरापोरींसाठी आहे. उदाहरण फुटबॉलच्या स्टडचं आणि दिवाळीच्या पणत्यांचं घेतलंय. तुला सायकल हवी असेल, कॅरम हवा असेल, तरी पायऱ्या याच.

१. वस्तू, रक्कम, तारीख

शंभर पानी वही घे. पहिल्या पानावर "स्टड" एवढंच लिहून भागणार नाही. कुठले, कसल्या मैदानासाठी, किती रुपयांचे, हे लिही. शाहू स्टेडियमसारख्या गवताच्या मैदानावर चालणारे स्टड आणि टर्फवरचे, म्हणजे कृत्रिम गवतावरचे, बारीक खिळ्यांचे बूट वेगळे असतात. नाव एक म्हणून स्वस्तातले उचलले की पहिल्याच सामन्यात पाय घसरतो. दोन दुकानांत जाऊन भाव विचार. ऑनलाइन बघितलास तर पोचवण्याचा खर्च धरून भाव लिही.

बरोबर लागणाऱ्या वस्तूही त्याच पानावर येऊ देत. समजा स्टड १,८००, शिनगार्ड (नडगीचं कवच) २५०, मोजे १५०. एकूण २,२००. दसऱ्याला, राखीला, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले मिळून तुझ्याकडे ४०० आहेत. म्हणजे जमवायचे १,८००. हा आकडा मोठ्या अक्षरात लिही, कारण पुढचं सगळं गणित यावर आहे. (माझे आकडे गणित दाखवण्यापुरते. तुझे भाव तू विचारून लिही.)

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघ: वस्तू कधी लागणार आणि सहामाही कधी आहे. बहुतेक शाळांत सहामाही दिवाळीच्या सुट्टीआधीच असते, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत. परीक्षेचा आठवडा वहीत आधीच काट मारून टाक. तो कामात धरायचाच नाही.

पहिल्या पानावर चार गोष्टी हव्यात: वस्तू, एकूण रक्कम, कमी पडणारी रक्कम, तारीख. एक जरी मोकळी असेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊ नकोस.

२. घरात बोलणं, आणि कायदा

आईबाबांना न सांगता कुठलंही काम सुरू करायचं नाही. घरच्यांना वही दाखव. "मला पैसे द्या" म्हणून येणारं पोर आणि "मला १,८०० कमी पडतायत, असं जमवणार आहे" म्हणून येणारं पोर, दोघांशी मोठी माणसं वेगळं बोलतात.

कायद्याचं इथे बहुतेकांचं चुकतं, मोठ्यांचंसुद्धा. बालकामगारांबद्दलचा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये बदलला. आता चौदा पूर्ण नसलेल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. "दुकानात नुसतं बसवतो" हेही त्यात आलं. ठेवणाऱ्याला २०,००० ते ५०,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतं. सूट आहे ती घरच्या कामाला: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या कामात कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या धंद्याला मदत करता येते. आणि कुटुंब म्हणजे कोण हेही कायद्यात लिहिलंय. आईवडील, भाऊ-बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. वडिलांचा मित्र, मग तो कितीही "काका" असला, तरी त्यात येत नाही.

चौदा पूर्ण झाले असतील तर धोक्याचं नसलेलं काम करता येतं, पण तासांना मर्यादा आहे. सलग तीन तासांहून जास्त नाही, मग किमान एक तास विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद. आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे महाद्वार रोडवर दिवाळीची गर्दी चढते तेव्हा तुझी वेळ संपलेली असते, आणि पहाटेची पेपरची लाइनही यात बसत नाही. पेपर टाकून शिकलेली माणसं कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतील, ती कौतुकानं सांगतीलही. तरी पहाटेच्या अंधारात, भटक्या कुत्र्यांतून सायकल मारणारं तेरा वर्षांचं पोर मला बघवत नाही.

सावध: फटाक्यांचा स्टॉल, भट्टी, वेल्डिंग, लेथ, रसायनं यांच्या जवळपासचं काम अठरा वर्षांपर्यंत नाही. उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्येही नाही. आणि माल पोचवायला मोपेड काढायची नाही. बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीलाही लायसन्स सोळाव्या वर्षी मिळतं. त्याआधी सापडलास तर २५,००० रुपये दंड आणि खटला घरच्यांवर.

३. काम निवडणं

"काय करू?" हा प्रश्न इथे, तिसऱ्या पायरीवर येतो. तुझी तारीख कुठल्या महिन्यात पडते ते आधी बघ, कारण कोल्हापुरात प्रत्येक महिन्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं.

श्रावणात राख्या. दिवाळीआधी पणत्या आणि आकाशकंदील. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाची वाणं. एकेका घरी पन्नास-साठ लागतात आणि कापडी बटवे, कागदी पिशव्या पोरंही करू शकतात. मे-जूनमध्ये जुनी पुस्तकं. पुस्तकांत एक गोम आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, म्हणून त्यांना गिऱ्हाईक कमी. नववी-दहावीची पुस्तकं आणि गाइडं उचल, तीही आवृत्तीचं साल बघून. अभ्यासक्रम बदलला की ते पुस्तक रद्दीच्या भावानं जातं.

घरी कुणाचं फराळाचं काम असेल, मावशीचं, आत्याचं, तर तिथे पॅकिंग, लेबलं, याद्या लिहिणं, हिशोब ही चांगली कामं आहेत. स्वतः खाद्यपदार्थ करून विकायच्या फंदात पडू नकोस. त्याला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि एखाद्याचं पोट बिघडलं तर निस्तरायचं कुणी?

रंकाळ्यावर किंवा महाद्वार रोडवर चादर टाकून बसायची आयडिया प्रत्येकाला सुचते. नको. रस्त्यावर विकायला २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचं पोट त्या जागेवर असतं. तुझं गिऱ्हाईक गल्लीत, अपार्टमेंटमध्ये, आईच्या भिशीत आणि नातेवाइकांत आहे.

४. एका डझनाचं गणित

दहा जणांतले नऊ इथे फसतात. शंभर रुपयांना विकलं म्हणजे शंभर मिळाले, असं धरतात. एक डझन पणत्यांचा खर्च मांडून बघू:

कच्च्या पणत्या १४ (एक फुटणार, एक वाकडी निघणार हे धरूनच घ्यायच्या), २.५० प्रमाणे ३५ रुपये. रंग आणि ब्रश १२. खोकं, कागद, दोरा ५. जाण्यायेण्याचे ३. एकूण ५५. डझन १०० ला विकला तर हातात उरले ४५.

१,८०० भागिले ४५, म्हणजे ४० डझन. ४८० पणत्या.

आता वेळ मोज. घड्याळ लावून एक पणती पूर्ण कर. पहिल्यांदा करणाऱ्याला सहा मिनिटं लागली तर डझनाला ७२ मिनिटं, ४० डझनांना ४८ तास. तुझ्याकडे आहेत किती? घटस्थापना ते वसुबारस साधारण २७ दिवस. त्यातून सहामाहीचा आठवडा वजा. उरले वीस दिवस, रोज एक तास, शिवाय रविवारचे थोडे जास्त. पंचवीस तास धर. सहा मिनिटांच्या वेगानं त्यात वीसच डझन होतात, म्हणजे ९००. अर्ध्यावर गाडी थांबली.

इथे पोरं दोन चुका करतात. एक तर रात्री जागतात, नाहीतर भाव वाढवून बसतात. त्याऐवजी कामाची पद्धत बदल. एकेक पणती पूर्ण करत बसायचं नाही. सगळ्यांना पहिला हात, मग सगळ्यांना दुसरा, मग सगळ्यांची नक्षी. ब्रश धुण्यात आणि रंग बदलण्यात जाणारा वेळ वाचतो, पणतीमागे चार मिनिटांवर येता येतं. मग पंचवीस तासांत ३१ डझन, १,३९५ रुपये. कमी पडणारे ४०५ दुसऱ्या कामातून: घरची रद्दी, माळ्यावरची पुस्तकं, सुट्टीत मामाच्या दुकानात दोन दुपारी.

वहीत "एका डझनाला उरतात" आणि "एका डझनाला लागणारी मिनिटं" हे दोन आकडे आले का? नसतील तर एक रुपयाचाही माल आणू नकोस.

५. नमुना

अनंत चतुर्दशीच्या आधी कुंभार गल्लीत पणत्यांची चौकशी करायला जाऊ नकोस. तेव्हा तिथे गणपतीशिवाय कुणाला काही सुचत नाही, तुझ्याकडे बघायलाही सवड नसते. विसर्जन झालं की दोन दिवसांनी जा: शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प. भाव दोन ठिकाणी विचार आणि दोनच डझन घे.

पणती घेताना तीन गोष्टी बघ. नखानं टिचकी मार. टण् वाजली तर चांगली, भद्द वाजली तर तडा. फरशीवर ठेव, डुगडुगली तर बाजूला. आणि घरी आल्यावर दोन-तीन पणत्यांत पाणी भरून दहा मिनिटं कागदावर ठेव. खाली कागद जरा दमट होईल, माती पाणी पितेच. पण डबकं साचलं तर तो माल घेऊ नकोस.

त्या दोन डझनांतून तीन वेगवेगळे नमुने कर. तीनच. दहा नमुने दाखवलेस की काकू दहा मिनिटं बघतात आणि "सांगते हं उद्या" म्हणतात.

६. ऑर्डर आणि इसार

पितृपंधरवड्यात ऑर्डर मागायला जाऊ नकोस. त्या दिवसांत लोक नवं काही घ्यायचं टाळतात, आणि दिवाळीचा विषय काढला की घरातली आजी रागावते. तो पंधरवडा नमुन्यांसाठी वापर. घटस्थापनेपासून फिरायला लाग, तेही आईला किंवा ताईला बरोबर घेऊन, ओळखीच्याच घरी.

वहीत प्रत्येक ऑर्डरची एक ओळ: नाव, नमुना, किती डझन, द्यायची तारीख, इसार किती. इसार म्हणजे आगाऊ रक्कम, ती निम्मी घ्यायची. लाज वाटते हे माहीत आहे, म्हणून वाक्य पाठ करून जा: "काकू, निम्मं आधी दिलंत तर रंग आणता येईल." कुणी नाही म्हणत नाही. आणि ज्यानं इसार दिला नाही, त्याची ऑर्डर यादीत शेवटी.

सख्ख्या मावशीला स्वस्त, शेजाऱ्यांना महाग असं करू नकोस. अपार्टमेंटमध्ये भाव जिन्यावरनं उतरायच्या आत सगळ्यांना कळतो.

ऑर्डरी किती झाल्या त्यावरच माल आणायचा, वर फार तर दोन डझन जास्त. ३१ डझनांची ताकद असताना ४५ डझन घेऊ नकोस. "काकू, एवढ्याच होतील" हे सांगायलाही शिकावं लागतं.

७. रंगवणं

पणत्या तास-दोन तास पाण्यात बुडवून ठेव, मग ब्रशनं धूळ काढून दोन दिवस कडक वाळव. ओलसर मातीवर दिलेला रंग आठवड्यात पापुद्रा धरतो. परतीचा पाऊस असेल तर गच्चीवर भरवसा ठेवू नकोस, घरात पंख्याखाली वाळव आणि एक दिवस जास्त धर.

रंग अ‍ॅक्रिलिक घे. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण तेलाच्या हातानं पुसला जातो. रंग बाहेरच्या अंगालाच. आतली वाटी आणि वात येते ती चोच, अर्धा इंच तरी, कोरी ठेव. तिथला रंग जळतो, वास येतो, धूर होतो. टिकल्या, आरसे, मोती लावायचे असतील तर चोचीपासून लांब, मागच्या बाजूला. थिनरचे ऑइलपेंट, स्प्रे, चकचकीत व्हार्निश काही नको. पेट घेण्याचा धोका आहे आणि बंद खोलीत त्याचा वासही वाईट.

पहिला हात पांढरा, तो पूर्ण वाळला की रंग, मग नक्षी. वाळला का ते पणतीच्या तळाशी बोट लावून बघ, नक्षीला नाही.

प्रत्येक नमुन्यातली एक पणती मोठ्या माणसासमोर, फरशीवर, तेल-वात घालून तासभर जाळून बघ. रंग काळा पडला, मोती सुटला, तेल खाली आलं, तर तो नमुना बंद. हे न करता माल दिलास आणि एखाद्याच्या देव्हाऱ्यात पणतीच्या रंगानं पेट घेतला, तर पुढच्या वर्षी त्या जिन्यात तुला कुणी उभं करणार नाही.

८. पोचवणं आणि उधारी

शेवटची तारीख वसुबारस. डझन मोजून, प्रत्येक पणती वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यावर नाव लिहून दे. पैसे त्याच वेळी. "नंतर ये रे" म्हणाले तर वहीतली ओळ दाखवून, हसून विचार, "रविवारी येऊ का?" दिवस ठरल्याशिवाय दारातून हलायचं नाही. पाडव्यानंतर सगळे गावाला जातात आणि तुझे पैसेही त्यांच्याबरोबर जातात.

चार-दोन डझन उरलेच तर फेकू नकोस. त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर दीपोत्सव असतो, त्याआधी पुन्हा एकदा पणत्या लागतात. मात्र तिथे साध्या पणत्यांना मागणी असते, म्हणून भाव उतरवूनच काढायच्या.

९. पैसे कुठे ठेवायचे

रोजचा हिशोब रोज: आले, गेले, उरले. मालाचे पैसे एका डब्यात, उरलेले दुसऱ्यात. एकाच डब्यात ठेवलेस की रंगाच्या पैशाची मिसळ होते, म्हणजे खायची मिसळ.

दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं आणि स्वतः चालवता येतं; सुरुवातीला ५०० रुपये लागतात. बऱ्याच बँकांतही हे होतं. गिऱ्हाईक फोनवरून पैसे देणार असेल तर आईच्या किंवा बाबांच्या खात्यावर घे आणि त्याच दिवशी वहीत लिही. नाहीतर दिवाळीच्या खर्चात ते कुठे गेले ते देवाला ठाऊक.

सावध: "घरबसल्या रोज ५०० कमवा", "व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा", "आधी २०० भरा" असे मेसेज आले की बंद. पैसे घ्यायला पिन कधीही टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर ते पैसे काढून घेतायत. "तुझ्या खात्यावर पैसे घे आणि पुढे पाठव, कमिशन देतो" हे तर थेट पोलिसांच्या दारात नेणारं काम आहे. पैसे गेलेच तर लपवू नकोस, घरी सांग आणि लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर. कामाच्या नावाखाली कुणी त्रास दिला, नको तिथे बोलावलं, तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

आईबाबांना दोन शब्द: मुलानं जमवलेल्या पैशातून "जरा दे, उद्या देतो" असं घेऊ नका. कमी पडले तर किती भर घालणार हे पहिल्याच दिवशी सांगा. निम्म्यात कंटाळलेल्या मुलाला तुम्ही गुपचूप पूर्ण रक्कम दिलीत, तर वही तिथेच बंद होते.

१०. खरेदी

पैसे पूर्ण झाल्या दिवशी धावत जाऊ नकोस. पहिल्या पानावरचा भाव पुन्हा विचार. दिवाळीनंतर कधी उतरलेला असतो, कधी चढलेला. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. जे मोजे घालून खेळणार तेच घालून दोन्ही पायांत स्टड घाल आणि दुकानातच चार पावलं पळ. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. "पाय वाढतोय, दोन नंबर मोठे घ्या" असं घरचे म्हणणारच. स्टडच्या बाबतीत ऐकू नकोस, आत पाय सरकला की घोटा मुरगळतो.

बिल घे, बदलून मिळायची मुदत विचारून बिलावर लिहून घे, आणि ती संपेपर्यंत मैदानावर घालू नकोस. घरात, फरशीवर नको, सतरंजीवर घालून बघ. जुने स्टड धुऊन, नवी नाडी लावून, तालमीच्या फुटबॉल संघातल्या एखाद्या लहान पोराला दाखव. त्याचे जे काही येतील ते वहीच्या नव्या पानावर पहिल्या ओळीत लिही.